भिक्षुणी उपसंपदा

बौद्ध संघात स्त्रीला पूर्ण दीक्षा देण्याचा विधी. संघाचे नियम सांगणाऱ्या पाली विनयपिटकाप्रमाणे तो दोन टप्प्यांत होतो : आधी भिक्षुणी संघासमोर, मग भिक्षू संघासमोर. मुंडन करून, चीवर (संन्यासवस्त्र) घालून दहा शीले पाळणारी स्त्री श्रामणेरी असते. उपसंपदा झाल्यावरच ती भिक्षुणी होते. पाहणाऱ्याला या दोघींत फारसा फरक दिसत नाही. संघातला अधिकार मात्र सगळा त्यावर ठरतो : संघकर्माच्या (संघाच्या औपचारिक विधीच्या) गणसंख्येत कोणाला मोजायचे, उपोसथाला (पंधरवड्याच्या सभेला) कोणी बसायचे, पुढच्या पिढीला दीक्षा कोणी द्यायची. स्त्रीला अर्हत्त्व (पूर्ण मुक्ती) मिळते की नाही, याबद्दल पाली ग्रंथांत शंका नाही. थेरीगाथा या काव्यसंग्रहातील ७३ गाथासमूह मुक्त झालेल्या स्त्रियांच्याच तोंडी आहेत. मज्झिमनिकायात धम्मदिन्ना थेरी आपल्या पूर्वीच्या पतीच्या प्रश्नांना उत्तरे देते आणि बुद्ध म्हणतात, मला विचारले असते तर मीही हेच सांगितले असते. स्त्रियांची अडवणूक झाली ती विधीच्या पायरीवर, आणि आजही तिथेच होते.

उगम आणि आठ गरुधम्म

विनयपिटकाच्या चुल्लवग्ग या भागातील कथेनुसार बुद्धांची मावशी व पालनकर्ती महाप्रजापती गौतमी हिने कपिलवस्तूत तीनदा प्रव्रज्या (गृहत्यागाची दीक्षा) मागितली आणि तिन्ही वेळा नकार मिळाला. मग केस कापून, काषाय वस्त्रे घालून ती शाक्य स्त्रियांसह पायी वैशालीला आली. सुजलेल्या पायांनी, धुळीने माखलेली ती दाराबाहेर रडत उभी राहिली आणि आनंदाने तिची बाजू घेतली. स्त्रियांना फलप्राप्ती होऊ शकते, हे त्याने बुद्धांकडून आधी वदवून घेतले; अनुमतीची मागणी त्यानंतर केली. अनुमती मिळाली, पण आठ गरुधम्मांच्या (भारी नियमांच्या) अटीवर.

त्यांचा आशय असा : शंभर वर्षांची भिक्षुणीसुद्धा त्याच दिवशी दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करील, जिथे भिक्षू नाही तिथे तिने वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करू नये, दर पंधरवड्याला उपोसथाची तिथी विचारावी व उपदेश घ्यावा, वर्षावासानंतरची प्रवारणा (आपले दोष दाखवण्याची विनंती) दोन्ही संघांसमोर करावी, गंभीर दोषाचे प्रायश्चित्त दोन्ही संघांसमोर पंधरा दिवस घ्यावे, दोन वर्षे शिक्षमाणा (प्रशिक्षणार्थी) राहून मग दोन्ही संघांकडून उपसंपदा मागावी, भिक्षूला कधीही दुरुत्तर करू नये, भिक्षूने भिक्षुणीला बोल लावावा, भिक्षुणीने भिक्षूला नाही.

पहिली अट स्वतः गौतमीलाच मान्य नव्हती. वंदन ज्येष्ठतेप्रमाणे व्हावे, स्त्री-पुरुष पाहून नव्हे, अशी विनंती तिने पुढे आनंदाकरवी केली. ती नाकारली गेल्याचे विनयातच नोंदले आहे. ही यादी मूळची की नंतर जोडलेली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. शंका घ्यायला जागा आहे, कारण एकही भिक्षुणी अस्तित्वात नसताना सहावी अट शिक्षमाणेबद्दल बोलते. शिवाय यांतल्या काही अटी प्रातिमोक्षात (संघाच्या नियमावलीत) वेगवेगळ्या प्रसंगांनंतर घातलेले सामान्य नियम म्हणून पुन्हा येतात. आधीपासून अट असती तर नियम नव्याने घालण्याचे कारण नव्हते.

मात्र सगळे नियम एकाच दिशेने झुकलेले नाहीत. नात्यात नसलेल्या भिक्षुणीकडून जुने चीवर धुऊन घेणे हा भिक्षूचा दोष मानला आहे. हा नियम नसता तर भिक्षुणी संघ म्हणजे धुणीभांड्यांची फुकटची सोय झाला असता. सुरुवातीला भिक्षूच भिक्षुणींसाठी प्रातिमोक्ष म्हणत. लोकांत कुजबूज झाली तेव्हा ते काम भिक्षुणींकडे आले आणि भिक्षूंनी फक्त शिकवायचे असे ठरले. थेरवादी म्हणजे पाली परंपरेच्या प्रातिमोक्षात भिक्षूंना २२७ आणि भिक्षुणींना ३११ नियम आहेत. भिक्षूंसाठी संघातून कायमचे बाहेर काढणारे दोष चार, भिक्षुणींसाठी आठ.

विधीची रीत

उमेदवार साधारणपणे २० वर्षे पूर्ण झालेली असावी. विवाहित मुलीसाठी बारा हा आकडा येतो. तो वयाचा की विवाहानंतरच्या वर्षांचा, यावर टीकाकारांत एकमत नाही. दहा शीलांपैकी पहिली सहा दोन वर्षे अखंड पाळायची. मध्ये एक मोडले की दोन वर्षे पुन्हा पहिल्यापासून.

भिक्षापात्र आणि पाच चीवरे तयार लागतात. भिक्षूला तीन पुरतात. भिक्षुणीला छाती झाकणारी संकच्चिका आणि स्नानाचे वस्त्र जास्तीचे. मग अडथळ्यांबद्दल २४ प्रश्न विचारले जातात : शरीररचना आणि मासिक पाळी, कुष्ठ, क्षय, अपस्मार यांसारखे रोग, ती स्वतंत्र आहे का, कर्ज आहे का, आईवडिलांची व पतीची अनुमती आहे का, नाव काय, उपाध्याया (दीक्षा देणारी ज्येष्ठ भिक्षुणी) कोण. भिक्षूंसमोर अशी उत्तरे देताना स्त्रिया लाजून गप्प राहत. म्हणून प्रश्नोत्तरे भिक्षुणी संघातच उरकायची आणि त्याआधी उमेदवाराला बाजूला घेऊन शिकवायचे, असा बदल झाला. दुहेरी उपसंपदा स्त्रियांवर देखरेख ठेवण्यासाठी होती, असे सरसकट म्हटले जाते. विनयातील हा प्रसंग पाहिला तर त्यामागे निदान अंशतः स्त्रियांचा संकोच होता.

प्रत्यक्ष कर्म म्हणजे एक प्रस्ताव आणि तीन घोषणा. तिसरी घोषणा संपेपर्यंत कोणी हरकत घेतली नाही, तर उपसंपदा झाली. सभा मोठी असली तरी मौन म्हणजे संमती. त्यानंतर सावली मोजून वेळ, ऋतू व दिवस सांगतात, कारण पुढची ज्येष्ठता त्यावर लागते. गणसंख्या मध्यदेशात (गंगेच्या खोऱ्यात) दहा, सीमाभागात विनय जाणणाऱ्यासह पाच. वाट धोक्याची असेल तर भिक्षू संघासमोरचा टप्पा दूतामार्फतही होतो. काशीची पूर्वीची गणिका अड्ढकासी हिच्या वाटेवर गुंड दबा धरून बसले, तेव्हा ही सवलत दिली गेली. दूत मात्र समर्थ भिक्षुणीच हवी.

विधी पाच ठिकाणी फसतो : व्यक्ती अपात्र असणे, प्रस्ताव सदोष असणे, घोषणा सदोष असणे, सीमा नीट आखलेली नसणे, सभा अपुरी असणे. सीमेचा दोष सगळ्यांत फसवा, कारण सीमेच्या आत पण सभेपासून दूर एखादा भिक्षू नुसता उभा असला तरी कर्म बिघडते. म्हणून विधीआधी आवार तपासतात.

परंपरेच्या दृष्टीने घातक ठरली ती मात्र वेगळीच दोन कलमे. उपाध्याया होण्यासाठी भिक्षुणीला बारा वर्षांची ज्येष्ठता आणि संघाची संमती लागते. भिक्षूला दहा वर्षे पुरतात. शिवाय तिने एका वर्षात दोघींना दीक्षा देऊ नये आणि लागोपाठच्या वर्षांतही देऊ नये. म्हणजे वीस वर्षांत जास्तीत जास्त दहा शिष्या. पुरुष उपाध्यायाला अशी मर्यादा नाही. दुष्काळ किंवा युद्धात संघ रोडावला, तर भिक्षू संघ एका पिढीत भरून निघे. भिक्षुणी संघाला तो वेग कधीच साधणार नव्हता.

प्रसार आणि खंड

इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात अनुराधपूरच्या राजघराण्यातील अनुलेने दीक्षा मागितली, तेव्हा महेंद्राने आपल्याला ती एकट्याने देता येत नाही असे सांगितले आणि बहीण संघमित्रेला बोलावून घेतले, असे सिंहली बखरी सांगतात. रायगड जिल्ह्यातील कुडा लेण्यांत पदुमनिका या प्रव्रजितेचे (संन्यासिनीचे) दान कोरलेले आहे. ती नागनिका या प्रव्रजितेची मुलगी. शिष्यांची नावेही शेजारीच आहेत. दान देण्याइतकी साधने, शिष्यपरिवार आणि दगडावर नाव कोरून घेण्याइतकी प्रतिष्ठा या स्त्रियांकडे होती, हे त्यावरून कळते.

इसवी सन ४३४ च्या सुमारास सिंहली भिक्षुणींच्या उपस्थितीत आजच्या नानजिंग येथे तीनशेहून अधिक चिनी स्त्रियांची दुहेरी उपसंपदा झाली. चीन, कोरिया, व्हिएतनाम व तैवानमधील आजच्या भिक्षुणी धर्मगुप्तक या दुसऱ्या पंथाचा विनय पाळतात. श्रीलंकेत मात्र चोळांच्या स्वाऱ्यांनंतर, अकराव्या शतकात, परंपरा खुंटली. भिक्षूंचीही खुंटली होती; ती पहिल्या विजयबाहूने ब्रह्मदेशातून आणि नंतरच्या राजाने १७५३ मध्ये सयामहून भिक्षू आणवून पुन्हा उभी केली. भिक्षुणींसाठी कोणी जहाज पाठवले नाही. तिबेटात पूर्ण भिक्षुणी परंपरा रुजलीच नाही. या पोकळीत श्रीलंकेच्या दससिल माता, थायलंडच्या पांढऱ्या वस्त्रांतील मे ची आणि म्यानमारच्या गुलाबी वस्त्रांतील थिलाशिन उभ्या राहिल्या : संन्यासिनी, पण विनयाच्या लेखी उपासिका (गृहस्थ भक्त).

पुनरुज्जीवन आणि त्यावरील आक्षेप

विरोधकांचा युक्तिवाद सरळ आहे : दुहेरी उपसंपदेला भिक्षुणी लागतात, थेरवादी भिक्षुणी उरल्या नाहीत, म्हणून नव्या होणे नाही. यावर दोन उत्तरे आहेत. एक, चुल्लवग्गात भिक्षूंनी भिक्षुणींना उपसंपदा द्यावी अशी अनुमती आधीच आहे आणि ती स्पष्ट शब्दांत रद्द झालेली नाही. पुरुषांची त्रिशरणाने होणारी जुनी उपसंपदा मात्र रद्द करतो असे म्हणून रद्द केलेली आहे. दोन, पूर्व आशियातील भिक्षुणी मुळात सिंहली परंपरेशी जोडलेल्या आहेत. दुसरे उत्तर ऐकायला आकर्षक असले तरी विनयभेदाचा प्रश्न त्याने सुटत नाही. पहिले अधिक टिकाऊ आहे.

सारनाथला १९९६ मध्ये कोरियन संघाच्या साहाय्याने दहा सिंहली स्त्रियांना उपसंपदा मिळाली. १९९८ मध्ये बोधगयेला मोठा समारंभ झाला. तिथे दीक्षा घेतलेल्या सिंहली भिक्षुणींचे कर्म नंतर सारनाथला केवळ थेरवादी भिक्षूंसमोर पुन्हा करण्यात आले, म्हणजे कोणत्याही बाजूने त्रुटी उरू नये. त्याच वर्षी दंबुल्ला येथे श्रीलंकेच्या भूमीवर विधी झाला.

थायलंडमध्ये १९२८ च्या संघराजाच्या आदेशाने भिक्षूंनी स्त्रियांना दीक्षा देण्यावर बंदी घातली. म्हणून धम्मनंदा यांनी २००३ मध्ये श्रीलंकेत उपसंपदा घेतली. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या बोधिन्याण विहारात चौघींना उपसंपदा दिल्यावर वाट पा पोंग या थाई मूळ विहाराने त्या शाखेशी नाते तोडले.

तिबेटी परंपरेत विद्वत्तेचे दार आधी उघडले : २०१६ मध्ये मुंडगोड येथे वीस संन्यासिनींना गेशेमा ही बौद्ध तत्त्वज्ञानातील सर्वोच्च पदवी मिळाली, तीही पूर्ण उपसंपदा नसताना. पदवी आधी आणि दीक्षा नंतर हा क्रम विनयाच्या दृष्टीने उलटाच. जून २०२२ मध्ये भूतानचे प्रमुख धर्मगुरू जे खेन्पो यांनी १४४ जणींना मूलसर्वास्तिवादी (तिबेटी परंपरा पाळते त्या विनयाच्या) पद्धतीने उपसंपदा दिली, ती फक्त भिक्षू संघाकडून. त्या विनयातही उपाध्यायेला बारा वर्षांचीच अट आहे. त्यामुळे या स्त्रिया स्वतः दीक्षा देण्यास पात्र होतील त्या २०३४ मध्ये. तोवर त्यांच्या मागून येणारीला भिक्षूंकडेच जावे लागेल.