जुन्या रिव्हॉल्व्हरची पारख: घोडा हळू ओढा आणि ऐका

‘रिव्हॉल्व्हर कधी बिघडत नाही’ असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. पिस्तुलात काडतूस अडकतं, इथे अडकायला आहेच काय, असा त्यांचा युक्तिवाद. अडकण्यापुरता तो बराचसा खरा आहे, पण झिजण्याचं काय? वापरलेलं रिव्हॉल्व्हर परवानाधारक विक्रेत्याकडे बघायला गेलेला माणूस आधी पॉलिश बघतो आणि तिथेच फसतो. आतली झीज पॉलिशवर दिसत नाही.

रायफलमध्ये काडतूस बॅरलच्याच मागच्या टोकात बसतं, त्यामुळे गोळी सुरुवातीपासून नळीच्या रेषेत असते. रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र गोळी सिलिंडरच्या, म्हणजे फिरत्या गोल ठोकळ्याच्या, चेंबरमधून (काडतुसाच्या कप्प्यातून) निघते, एक बारीक फट ओलांडते आणि मग बॅरलमध्ये शिरते. म्हणजे दर गोळीला चेंबर आणि बॅरल नव्याने एका रेषेत आणावे लागतात. घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका देणारा मागचा हॅमर, ओढला की सिलिंडर फिरून बरोबर जागी कुलूपबंद व्हावं, ही सोय सॅम्युअल कोल्टच्या 1836 च्या अमेरिकी पेटंटचा गाभा आहे आणि आजही सगळी मदार तिच्यावरच आहे.

घोडा मागे ओढताना ‘हँड’ नावाची बोटाएवढीही नसलेली पोलादी पट्टी वर सरकते आणि सिलिंडरच्या मागच्या दातेरी चकतीला, म्हणजे रॅचेटला, ढकलते. सहा चेंबर असतील तर प्रत्येक वेळी 60 अंश. त्याच वेळी खालून ‘स्टॉप’ची खिटी वर येते आणि सिलिंडरच्या बाहेरच्या खाचेत बसते. घोडा पूर्ण मागे जाऊन थांबण्याच्या आधी ही खिटी बसलीच पाहिजे. मध्यम आकाराच्या सिलिंडरमध्ये चेंबरचा मध्य अक्षापासून साधारण 12 मिलिमीटरवर असतो. सिलिंडर एक अंश कमी फिरलं, तर चेंबर सुमारे 0.2 मिलिमीटर बाजूला राहतं. बॅरलच्या मागच्या तोंडाला फनेलसारखा उतार, म्हणजे ‘फोर्सिंग कोन’, दिलेला असतो. थोडी चूक तो सांभाळून घेतो. चूक त्याहून मोठी असेल, तर गोळीच्या शिशाची कड तासली जाते आणि तिचे कण फटीतून बाजूला उडतात.

तपासणीच्या आधी सिलिंडर उघडून सगळे चेंबर रिकामे आहेत ना, हे डोळ्यांनी बघा. मग पुन्हा एकदा बघा. विक्रेत्याची परवानगी घेऊन नकली काडतुसं भरा, नळी सुरक्षित दिशेला धरा, सिलिंडरवर अंगठ्याचा हलका अडसर ठेवा आणि घोडा अगदी हळू ओढा. घोडा थांबण्याआधी ‘टिक’ असा बारीक आवाज यायला हवा. घोडा थांबला तरी आवाज आला नाही आणि सिलिंडर हाताने किंचित पुढे फिरवल्यावर आला, तर टायमिंग, म्हणजे फिरणं आणि कुलूपबंद होणं यांचा मेळ, गेलेलं आहे. हे प्रत्येक चेंबरला करा. एकच चेंबर मागे राहत असेल तर रॅचेटचा तो दात झिजलेला असतो. सगळेच मागे राहत असतील तर हँड. हँड बदलणं तुलनेने सोपं, रॅचेटचं काम महाग.

आता चाप (ट्रिगर) दाबून धरा, घोडा खाली जाऊ द्या आणि चाप न सोडता सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून बघा. जुन्या कोल्टमध्ये चाप दाबलेला असताना हँड सिलिंडरला स्टॉपवर रेटून धरतो. त्यामुळे सिलिंडर अजिबात हलत नाही, पण हँड लवकर झिजतो. स्मिथ अँड वेसन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तसं रेटणं नाही. तिथे किंचित हालचाल चालते. हा फरक माहीत नसलेले लोक चांगलं स्मिथ नाकारतात आणि झिजलेलं कोल्ट उचलतात.

फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, जवळ ठेवा. सिलिंडर मागे दाबून आणि पुढे दाबून, अशी दोनदा सिलिंडर आणि बॅरल यांच्यातली फट मोजा. साधारण 0.10 ते 0.20 मिलिमीटर उत्तम, 0.25 च्या पुढे गेली तर भाव उतरलाच पाहिजे. दोन मोजमापांतला फरक म्हणजे ‘एंड शेक’, सिलिंडरची पुढे-मागे हालचाल. ती 0.05 पर्यंत ठीक. जास्त असेल तर सिलिंडर दर गोळीला पुढे-मागे आपटतं आणि काडतुसावरचा पिनचा ठोकाही कमी पडू शकतो. पातळ वॉशर घालून ही खोड दुरुस्त होते.

फोर्सिंग कोनची तडा मात्र दुरुस्त होत नाही, बॅरलच बदलावी लागते. .38 स्पेशल काडतुसाचा कमाल दाब 17,000 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), .357 मॅग्नमचा 35,000. स्मिथच्या के-फ्रेम (मध्यम आकाराच्या सांगाड्याच्या) मॅग्नममध्ये सिलिंडरच्या क्रेनला, म्हणजे सिलिंडर ज्यावर बाहेर येतं त्या दांडीला, जागा द्यायला बॅरलचं मागचं तोंड खालून सपाट कापलेलं असतं. तडा तिथेच पडते, म्हणून छोटा टॉर्च घेऊन आधी तिथे बघा. सिलिंडरच्या वरच्या सांगाड्याच्या पट्टीवर वायूने पाडलेली बारीक चर मात्र थोडी खोल जाऊन सहसा थांबते, तिला घाबरू नका.

सिनेमात मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करतात. त्या झटक्याने क्रेन वाकते. सिलिंडर बाहेर काढून फिरवा. कड डुगडुगताना दिसली की कोणीतरी ही हौस भागवून घेतली आहे, असं समजा.

घोडा पूर्ण ओढून मागून अंगठ्याने मध्यम जोर द्या. चाप न दाबता घोडा सुटला तर ते हत्यार धोकादायक आहे. दुरुस्तीचा खर्च धरल्याशिवाय भावाचं बोलूच नका.

वापरासाठी घेणाऱ्याला वरचं सगळं पुरतं. संग्राहक मात्र मूळ ब्लूइंग (पोलादावरचा काळा-निळा थर) किती टक्के शिल्लक आहे यावर पैसे मोजतो, आणि नव्याने केलेलं ब्लूइंग किंमत पाडतं. ते ओळखायला अक्षरांच्या कडा बघा. बफिंगने त्या गोल होतात आणि स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो. जुन्या स्मिथवर घोडा आणि चापही निकेलने चमकत असतील, तर तो मुलामा बहुधा कारखान्याबाहेरचा. ‘हे अमक्या नामवंताचं’ या गोष्टीला एक पैसाही जादा देऊ नका. कोल्ट आणि स्मिथच्या जुन्या नोंदींवरून हत्याराच्या क्रमांकाचं पत्र मिळू शकतं. त्यात माल कधी आणि कोणाकडे रवाना झाला ते असतं, तेवढंच खरं धरा.

शेवटी बॅरलमधून उजेडाकडे बघा. नळीच्या आतल्या पिळदार खाचांवर एका जागी सावलीसारखं गोल कडं दिसलं, तर तिथे अडकलेल्या गोळीमागे दुसरी झाडली गेली आहे आणि नळी फुगली आहे. बाहेरून तिथे बोट फिरवा, कधी कधी उंचवटा हाताला लागतो.