‘कालातीत’ सुटाचा काळ

१९५० च्या दशकातील अमेरिकी गायक-नटांच्या सुटांना आज हटकून ‘कालातीत’ हे विशेषण लावले जाते. मात्र त्या सुटाची बेतणी नाच, दिवे, कॅमेरा आणि युद्धातली कापडटंचाई अशा अगदी त्या-त्या वेळच्या कारणांनी ठरत गेली होती.

सुरुवात लंडनमध्ये झाली. तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सचे (पुढे आठवा एडवर्ड) कपडे शिवणारे फ्रेडरिक शोल्टे यांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कोटाला छातीवर किंचित सैल, कमरेत आवळलेला असा घाट दिला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पेर अँडरसन यांच्या ‘अँडरसन अँड शेपर्ड’ या पेढीने तोच घाट पुढे चालवला आणि हॉलिवूडचा नर्तक-नट फ्रेड अ‍ॅस्टेअर तिचा गिऱ्हाईक झाला. नर्तकाला उपयोगी पडली ती मुख्यतः मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या भोकाची, रचना. सैल मुंढ्यात हात मोकळा राहील असे कोणालाही वाटेल, पण घडते ते उलटेच: मुंढा खोल असला की हात वर करताच सगळा कोट वर ओढला जातो आणि कॉलर मानेपासून सुटते. मुंढा काखेजवळ उंच आणि लहान ठेवून त्यावर भरपूर कापडाची बाही चुण्या जिरवत बसवली, तर बाही हलते, कोट जागचा हलत नाही. ही बाही हातानेच बसवावी लागे. अ‍ॅस्टेअर ट्रायलच्या वेळी आरशासमोर नाचून कॉलर मानेला चिकटून राहते का ते पाहत असे, असे सांगितले जाते. तो नाच पाहता यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मग युद्ध आले. मार्च १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने लोकर वाचवण्यासाठी नव्या सुटांवर निर्बंध घातले: पँटच्या दुमडी गेल्या, डबल ब्रेस्टेड कोटाबरोबरचे वेस्टकोट गेले आणि एका सुटामागे दुसरी पँट देणे बंद झाले. अशा दिवसांत झूट सूट, म्हणजे लांब कोट आणि ढगळ पँट असा कापडखाऊ सूट, घालणे म्हणजे देशद्रोह, असा सूर निघाला आणि जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये खलाशांनी मेक्सिकन वंशाच्या तरुणांना मारहाण करून त्यांचे असे सूट रस्त्यातच फाडले. युद्धानंतर कापड मुबलक झाले आणि कोट पुन्हा ऐसपैस झाले. गायक-नट फ्रँक सिनात्राची त्या काळातली छायाचित्रे पाहिली, तर किडकिडीत अंगावर खांदे तेवढे भक्कम दिसतात.

आपण ज्याला आज ‘तो’ सूट म्हणतो, तो यानंतरचा. १९४५ मध्ये रोममध्ये सुरू झालेल्या ‘ब्रिओनी’ या शिवणपेढीने १९५२ मध्ये फ्लॉरेन्समध्ये पुरुषांच्या कपड्यांचा फॅशन शो केला. आखूड कोट, अरुंद लॅपल आणि हलके कापड असा तो इटालियन घाट लवकरच अमेरिकेत पोहोचला. हॉलिवूडमधले साय डेव्होर सिनात्रा, डीन मार्टिन आणि सॅमी डेव्हिस ज्युनिअर यांचे सूट शिवत. त्यांच्या हातचा कोट अंगासरशी बसे आणि त्याचे मोहेर (अंगोरा शेळीची चमकदार लोकर) मिसळलेले कापड दिव्याखाली मंद चमके. १९५० मध्ये अमेरिकेतल्या साधारण नऊ टक्के घरांत दूरचित्रवाणी संच होता. १९६० पर्यंत हे प्रमाण सत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपास गेले. कृष्णधवल कॅमेऱ्यात पांढराशुभ्र सदरा डोळ्यांवर येई, म्हणून कलाकार फिकट निळा घालत. पडद्यावर तो पांढराच दिसे.

कृष्णवर्णीय कलाकारांच्या सुटाकडे मात्र केवळ शिवणीच्या नजरेने पाहता येत नाही. गायक नॅट किंग कोल १९५६-५७ मध्ये एनबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम अत्यंत नेटक्या पोशाखात सादर करत होता, तरी त्याला देशभर चालणारा एकही प्रायोजक मिळाला नाही. त्याच १९५६ च्या एप्रिलमध्ये अलाबामातील बर्मिंगहॅममध्ये गोऱ्या हल्लेखोरांनी त्याला व्यासपीठावरच खाली पाडले होते. मॉडर्न जॅझ क्वार्टेट हा कृष्णवर्णीय वादकांचा चमू ठरवून टक्सिडो (समारंभी काळा सूट) घालून वाजवी, कारण आपल्या संगीताला मैफलीच्या सभागृहात मिळणारा आदर मिळावा, असा त्यांचा आग्रह होता.

१९६२ मध्ये व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइनने बीटल्सना चामडी जाकिटांतून काढून सुटात बसवले. पुढच्याच वर्षी लंडनचे शिंपी डगी मिलिंग्ज यांनी त्यांच्यासाठी जे कोट शिवले, त्यांना कॉलरच नव्हती.