इंग्रजीच्या तासाला मुलांना बोलतं करणं

इंग्रजीच्या तासाला मुलांनी नुसतं ऐकून आणि फळ्यावरचं वहीत उतरवून न थांबता स्वतःच्या तोंडाने इंग्रजी बोलावं, विचारावं, चुकत का होईना पण वापरावं, यासाठी शिक्षक जे जे करतो ते सगळं या विषयात येतं. शिक्षक आपसात बोलताना याला सरळ "पोरांना बोलतं करणं" म्हणतात. या नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातल्या मराठी माध्यमाच्या शाळा डोळ्यासमोर आहेत, कारण तिथल्या बऱ्याच मुलांना इंग्रजी बोलायला मिळण्याची जागा म्हणजे तो पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, बाकी घरी, गल्लीत, रानात सगळं मराठीच किंवा घरची जी काय बोली असेल ती.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे आता दहावीपर्यंत मूल दहा वर्षं इंग्रजी शिकतं आणि तरीही समोरच्याने साधं "व्हेअर डू यू लिव्ह" विचारलं की त्याची दातखीळ बसते. याचं कारण मुलाच्या डोक्यात नाही, तासाच्या रचनेत आहे. धडा सरांनी वाचायचा, ओळीओळीचा मराठीत अर्थ सांगायचा, शब्दार्थ फळ्यावर, प्रश्नोत्तरं गाईडमधून वहीत. भाषांतराच्या वाटेने शिकलेल्या आपल्या आधीच्या पिढ्यांचं व्याकरण आणि वाचन पक्कं असायचं, त्याला नावं ठेवायचं काहीच कारण नाही, पण त्या वाटेत बोलण्याची पाळी मुलावर येतच नाही. अख्ख्या तासात मुलांच्या तोंडून येतं काय तर "मे आय कम इन सर", "येस सर" आणि सगळ्यांनी मिळून एका सुरात म्हटलेली कविता.

ऐकून ऐकून भाषा आपोआप तोंडात येईल असं पुष्कळांना वाटतं. कॅनडात मेरिल स्वेन यांनी फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजी घरांतल्या मुलांचा अभ्यास केला, तर वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्यांना समजत उत्तम होतं पण बोलण्या-लिहिण्यात मात्र व्याकरण कच्चं राहिलं होतं. त्यावरून १९८५ मध्ये त्यांनी मांडलं की मुलाला स्वतः वाक्य जुळवावं लागलं, समोरच्याला कळेपर्यंत ते सुधारावं लागलं, तेव्हाच आपल्याला नेमकं काय येत नाही हे त्याच्या लक्षात येतं. समजून घेताना शब्दांवरून अंदाज बांधून भागतं, बोलताना तसं भागत नाही.

आता प्रत्यक्ष वर्गात काय करायचं. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे एकाकडे अशी माहिती द्यायची जी दुसऱ्याकडे नाही. समजा सहावीचा वर्ग आहे. बाकावरच्या दोघांना पाठीला पाठ लावून बसवायचं, दोघांच्या हातात बाजाराचा एकेक कागद, एकावर वांगी, बटाटे, कोथिंबीर यांचे भाव लिहिलेत आणि कांदा-टोमॅटोची जागा रिकामी, दुसऱ्यावर बरोबर उलटं. कागद दाखवायचा नाही, विचारूनच भरायचा. मग एक पोरगं म्हणतं, "हाऊ मच ओनियन?" दुसरं म्हणतं, "थर्टी." "थर्टीन?" "नो नो, थर्टी, थ्री झिरो!" हे शेवटचं "थ्री झिरो" कुणी शिकवलेलं नसतं, अडल्यावर त्याचं त्याने शोधलेलं असतं, आणि मला विचाराल तर त्या तासाची खरी कमाई तीच. "हाऊ मच आर द ओनियन्स" हे नंतर फळ्यावर घेता येतं आणि तेव्हा ते डोक्यात राहतं, कारण पाच मिनिटांपूर्वी त्याची गरज पडलेली असते. याच्या उलट सरांनी हातात पेन धरून "व्हॉट इज धिस?" विचारायचं, यात कुणालाच काही कळून घ्यायचं नसतं, पेन आहे हे सरांनाही दिसतंय आणि पोरांनाही.

या विचाराचा भारतातला मोठा प्रयोग बंगळूरला झाला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही साध्या शाळांमध्ये व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना इंग्रजीतून सोडवायची कामं दिली, म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक बघून कुठली गाडी धरायची, नकाशावरून रस्ता कसा काढायचा अशी. आधी एक काम शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर बोलत सोडवायचा, मग तसंच दुसरं मुलाने एकट्याने करायचं. प्रभूंनी गटात काम करणं मुद्दाम टाळलं होतं, मुलं एकमेकांचं चुकीचं इंग्रजी उचलतील म्हणून. मला स्वतःला हे पटत नाही, कारण साठ पोरांच्या वर्गात शिक्षकाशीच बोलायचं म्हटलं तर पाळी येणार कधी? जोडीने बोलताना निदान तीस तोंडं एका वेळी उघडी असतात.

दुसरी गोष्ट अगदी बिनखर्चाची आहे, थांबणं. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचं रेकॉर्डिंग तपासलं तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट बघतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. ते विज्ञानाचे तास होते, तेही मुलांच्या स्वतःच्या भाषेतले. आपल्या मुलाला तर आधी प्रश्न समजून घ्यायचाय, मग उत्तर मराठीत सुचणार, मग ते इंग्रजीत फिरवायचं, त्यातही क्रियापद मराठीसारखं शेवटी न ठेवता मध्ये आणायचं आणि मराठीत नसलेलं "अ" की "द" ते ठरवायचं.

मराठीचं काय करायचं यावर वाद आहे. मराठी शब्द निघाला की दंड, ही पद्धत काही शाळांत असते, तिने पोरं इंग्रजी बोलत नाहीत, मूग गिळून बसतात. एकोणिसाव्या शतकात वेल्समध्ये शाळेत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे, त्याच जातीची ही शिक्षा. त्यापेक्षा मूल "सर, कळलं नाही" म्हणालं की "आय डिडन्ट अंडरस्टँड" हे त्याला पुरवायचं आणि एकदा म्हणून घ्यायचं, अशी पंधरा-वीस रोजची वाक्यं भिंतीवर लावून ठेवली की दिवाळीपर्यंत त्यातली बरीच तोंडात बसतात. आणि कुणी चुकल्यावर वर्गात हशा पिकला तर तो पहिल्याच दिवशी थांबवायचा, कारण एकदा हसू झालेलं पोरगं वर्षभर तोंड उघडत नाही.

शिक्षकालाही बोलायचा संकोच असतो, हे उघड बोललं जात नाही. २०१६ मध्ये टाटा ट्रस्ट, ब्रिटिश कौन्सिल आणि राज्य सरकारने सुरू केलेल्या तेजस प्रकल्पात आसपासच्या शाळांतले शिक्षक गटाने भेटून आधी स्वतः इंग्रजीतून बोलायचे, मग वर्गात काय चाललं ते एकमेकांना सांगायचे.

परीक्षेचा धागा वेगळाच आहे. दहावीला भाषेच्या तोंडी परीक्षेचे शाळेकडचे २० गुण २०१९ ला काढून टाकले, त्या वर्षी निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. गुण आले ते बरंच झालं, पण तोंडी परीक्षेत "माय नेम इज" पासून पाठ केलेल्या दहा ओळीच म्हणून घेतल्या तर मूल बोलतंय की नाही हे कळत नाही. दोघांना एकत्र बोलावून एकाच्या हातात चित्र द्यायचं आणि दुसऱ्याला प्रश्न विचारत ते कागदावर काढायला लावायचं, दहा मिनिटांत दोघांचंही कळतं.