फक्त आपणच आपल्या देशाला नावं ठेवतो का?

इंदूरच्या मराठी ग्रुप्सवर वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: "जगात फक्त भारतीयच स्वतःच्या देशाला नावं ठेवतात, बाहेरचे लोक आपापल्या देशावर खूश असतात." छप्पन दुकानला पोहे खाताना खड्ड्यांवरून जी चर्चा रंगते ती ऐकून हे पटतंही, पण तसं नाहीये.

अमेरिकेचंच घ्या, तिथे "देशात जे चाललंय त्यावर समाधानी आहात का" हे अनेक दशकं विचारतायत आणि 2004 च्या सुरुवातीनंतर "हो" म्हणणारे निम्म्याच्या वर गेलेलेच नाहीत. फ्रान्स, ब्रिटनमध्येही देश चुकीच्या दिशेने चाललाय म्हणणारेच बहुतेक वेळा जास्त. उलट भारतातली उत्तरं बऱ्याचदा त्यांच्यापेक्षा आशावादी असतात (ऑनलाइन सर्व्हे शहरी लोकांकडे झुकतात, हेही खरं).

मग बाहेरचे खूश आहेत असं का वाटतं? तिकडचा भाचा व्हिडिओ कॉलवर स्वतःचं घर, गाडी दाखवतो, देशाबद्दल कोण बोलतं! त्याच अमेरिकेत स्वतःच्या आयुष्यावर समाधानी दहातले आठेक जण निघतात. म्हणून आकडा दिसला की आधी मूळ प्रश्न वाचा, देशाबद्दल होता की स्वतःबद्दल, मग कोणाला विचारलं ते बघा, आणि एकाच वर्षावर जाऊ नका, कारण सरकार बदललं की एका पक्षाचे खूश आणि दुसऱ्याचे नाराज, हा पलटा लगेच दिसतो.