कराराच्या कोऱ्या जागेमागचा इतिहास

कला आणि मनोरंजन कायद्यात एलएल.एम., म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी, करावी का, असं ठाण्यातले विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी त्यांना नावं झाकून एक करार दाखवते. एकांकिकेचा आहे. एकच पान, रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही आणि ‘मुदत’ या शब्दापुढे कोरी जागा. लेखकाला वाटलं होतं, आपण संहिता कायमचीच देऊन बसलो. पण कॉपीराइट कायदा म्हणतो, मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरायचं. ही तरतूद 1994 च्या दुरुस्तीतून आली.

मराठी रंगभूमीची कायद्याशी पहिली गाठ पडली ती मात्र हक्कांवरून नव्हे, बंदीवरून. 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्याने सरकारला प्रयोग थांबवण्याचा अधिकार दिला. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’तल्या कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. इंग्रज गेले तरी तो कायदा राहिला. केंद्राच्या कायद्यांच्या यादीतून तो 2018 मध्ये निघाला. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घेण्याची प्रथा मात्र चालूच आहे. गडकरी रंगायतनला प्रयोग लावणाऱ्या प्रत्येक निर्मात्याला ‘सेन्सॉर झालं का?’ हा प्रश्न पाठ असतो.

लेखकाच्या हक्कांची गोष्ट सावकाश पुढे सरकली. 1957 चा कॉपीराइट कायदा आला, पण 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी गाणं करून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास त्याचे हक्क निर्मात्याचे. गीतकार-संगीतकारांच्या एका पिढीने हा निकाल अक्षरशः सोसला. गाणं घराघरांत वाजायचं आणि ते लिहिणाऱ्याला एकदाच मिळालेलं मानधन. पुढच्याच वर्षी आणखी एक निकाल आला. एका नाटकावरून चित्रपट उचलला, अशी लेखकाची तक्रार होती. न्यायालय म्हणालं, कल्पनेवर कुणाची मालकी नसते, ती मांडण्याच्या पद्धतीवर असते. विद्यार्थ्यांना मी हा निकाल दोनदा वाचायला लावते. ‘माझी कल्पना चोरली’ म्हणत येणारी निम्मी माणसं इथेच अडतात.

2012 ची दुरुस्ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. चित्रपटातल्या गाण्याचा, कथेचा रॉयल्टीतला वाटा लेखक-संगीतकाराला सोडून देता येणार नाही, अगदी सही करून दिली तरी. करार झाला तेव्हा जे माध्यम वापरातच नव्हतं, त्याचे हक्क ते स्पष्ट लिहिल्याशिवाय जात नाहीत. ओटीटी आल्यावर जुन्या करारांची कपाटं उघडली गेली ती यामुळेच. नटाची ‘नाईट’, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, ठरते ती नाट्यगृहातल्या प्रयोगाची. त्या प्रयोगाचं चित्रीकरण झालं, तर पुढे काय, हेही करारात यावं लागतं.

आपल्याकडे हा विषय बरीच वर्षं एलएल.बी.तल्या एका पेपरापुरता होता, आणि आजही एलएल.एम.मध्ये तो बहुधा बौद्धिक संपदेच्या गटात शिकवला जातो. 2013 पासून एका वर्षाच्या एलएल.एम.ची वाट उघडली, त्यामुळे नोकरी सांभाळणाऱ्यांनाही हिशेब जुळवता येतो. पण नुसता कॉपीराइट शिकून भागत नाही. करार कायदा, सेन्सॉर, कलाकाराचे हक्क, कर, असं सगळं एकत्र लागतं.

त्या एकांकिकेची पाच वर्षं गेल्या महिन्यात संपली. लेखकाने नवा करार आणला तेव्हा मुदतीपुढे ‘दोन वर्षे’ लिहिलेलं होतं, त्याच्याच अक्षरात.