दरवाजामागे काय होतं?

सप्टेंबर २००२ मधली एक रात्र. इजिप्तमधल्या गिझात मध्यरात्र उलटून गेली होती, कारण टीव्हीवरच्या थेट प्रक्षेपणासाठी अमेरिकेतल्या प्रेक्षकांची संध्याकाळ साधायची होती. खुफू राजाच्या पिरॅमिडमध्ये, जेमतेम वीतभर रुंद आणि वीतभर उंच अशा चढत्या बोळकांडीतून एक छोटा रोबो साठेक मीटर वर जाऊन थांबला होता. त्याच्यापुढे चुनखडीची एक फरशी उभी होती आणि तिच्यात तांब्याच्या दोन पिना बसवलेल्या होत्या. फरशीला पाडलेल्या छिद्रातून कॅमेऱ्याची नळी आत सरकली. रुंद काठाची टोपी घातलेले पुरातत्त्वज्ञ झाही हवास उत्साहाने बोलत होते, देशोदेशीची माणसं पडद्याला डोळे लावून बसली होती. कॅमेरा पलीकडे पोचला. पलीकडे होता आणखी एक दगड.

‘एवढ्यासाठी जागलो?’ असं अनेकांना वाटलं असणार. मला मात्र प्राचीन इजिप्तवरच्या माहितीपटांबद्दल बोलायचं झालं की याच रात्रीपासून सुरुवात करावीशी वाटते.

ही बोळकांडी ज्या दालनातून निघते त्याला राणीचा कक्ष म्हणतात. नाव मागाहून पडलेलं, तिथे कुठलीच राणी पुरलेली नव्हती. १८७२ मध्ये वेनमन डिक्सन या ब्रिटिश अभियंत्याला या दालनाच्या भिंतीमागे दोन पोकळ्या सापडल्या. बांधणाऱ्यांनी त्यांची तोंडं दालनात उघडलीच नव्हती. आत एक दगडी गोळा, तांब्याचा एक आकडा आणि लाकडाचा तुकडा मिळाला. पुढे १९९३ मध्ये रुडॉल्फ गांटेनब्रिंक या जर्मन अभियंत्याने दक्षिणेकडच्या बोळकांडीत रोबो चढवला आणि त्या पिनांच्या फरशीचं पहिलं चित्र जगाला दिसलं. लगेच तिला ‘दरवाजा’ म्हणायला सुरुवात झाली. वीतभर उंचीच्या दरवाजातून येणार-जाणार कोण? पण एकदा दरवाजा म्हटलं की त्यामागे खजिना आलाच. २००२ चा सगळा कार्यक्रम त्या एका शब्दावर उभा होता.

पुढची गोष्ट फार कमी लोकांपर्यंत पोचली. २०१० च्या सुमारास ‘जेदी’ नावाचा नवा रोबो त्याच बोळकांडीत गेला. त्याचा कॅमेरा सापासारखा वळू शकत होता, म्हणून छिद्रातून आत गेल्यावर त्याला मागे वळून बघता आलं. फरशीच्या मागच्या बाजूला त्या पिनांची टोकं नाजूकपणे वळवून छोटी कडी केलेली दिसली. आणि खाली जमिनीवर गेरूने काढलेल्या लाल खुणा होत्या. काम चालू असताना सुतार लाकडावर पेन्सिलीने खूण करतो, तशा त्या दगड जागेवर बसवण्याआधी कुणा कारागिराने घाईघाईत ओढलेल्या असाव्यात. साडेचार हजार वर्षं त्या कुणीच पाहिल्या नव्हत्या. माझ्या दृष्टीने तो खजिनाच. पण तो मिळायला आणखी आठ-नऊ वर्षं थांबावं लागलं आणि टीव्हीला इतकं थांबता येत नाही.

‘काही नाही’ हेसुद्धा शास्त्रज्ञांच्या लेखी उत्तर असतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ लुईस अल्वारेझ यांनी गिझातल्याच खाफ्रे राजाच्या पिरॅमिडखाली म्यूऑन मोजणारं उपकरण बसवलं. म्यूऑन म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे कण. ते दगडातून आरपार जातात, पण दगड जितका जाड तितके वाटेत जास्त अडतात. एखाद्या दिशेने अपेक्षेपेक्षा जास्त म्यूऑन आले तर तिकडे पोकळी आहे असं धरायचं. अल्वारेझना पोकळी दिसली नाही. मात्र ‘त्यांना काही सापडलं नाही’ असं कुणी म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. तपासलेल्या भागात दालन नाही, हे त्यांना सापडलं होतं. याच तंत्राने खुफूच्या पिरॅमिडमध्ये २०१७ मध्ये मोठी पोकळी असल्याचं कळलं, आणि उत्तरेकडच्या दर्शनी बाजूमागचा नऊ मीटर लांबीचा मार्ग २०२३ मध्ये बारीक कॅमेरा घालून प्रत्यक्ष बघता आला.

हवास यांना नुसतं टोपीवाला निवेदक म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं होईल. कॅमेऱ्याचा त्यांना सोस आहे, हे खरं. पण त्यांचं माझ्या मते सगळ्यात मोठं काम पिरॅमिडजवळच्या वाळूतलं आहे. १९९० मध्ये एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांची दफनभूमी उजेडात आली. तिथल्या सांगाड्यांत कंबरेचे आणि गुडघ्याचे सांधे झिजलेले आहेत, मोडलेली हाडं नीट बसवून जुळलेली आहेत. म्हणजे जखमी कामगाराकडे बघणारं कुणीतरी होतं. जवळच पुरातत्त्वज्ञ मार्क लेनर यांच्या चमूला कामगारांच्या वस्तीतल्या भट्ट्या आणि पाव भाजायचे मातीचे साचे मिळाले. राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत स्वतःचं थडगं बांधून घेणारी ही माणसं गुलाम नव्हती. हे हाडांनी आणि खापरांनी सांगितलं.

तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे तर टीव्हीला हवं तसं काहीच नव्हतं, ना शवपेटी, ना सोनं. तिथे २०१३ मध्ये पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या चमूला पपायरसचे, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदाचे, चुरगळलेले तुकडे मिळाले. लिखाण असलेले आजवरचे सगळ्यात जुने पपायरस तेच. त्यांत मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. चाळीसेक माणसांची टोळी घेऊन तो तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरून गिझाला पोचवायचा. आज दगड भरले, आज मुक्काम अमुक ठिकाणी, उद्या निघणार, असा तो हिशेब. खुफूच्या पिरॅमिडचं काम चालू असताना, त्याच कामावरच्या माणसाने लिहिलेला.

मग हे सगळं पडद्यावर दाखवताच येत नाही का? येतं. २०१८ मध्ये इजिप्तमधल्याच सक्कारा इथे वाहत्ये या पुरोहिताचं थडगं सापडलं. ते पाचव्या राजवंशातलं, म्हणजे सुमारे ४४०० वर्षांपूर्वीचं. भिंतींवरचे रंग अजून टवटवीत आणि कोनाड्यांत कोरलेले पुतळे. त्या खोदकामावरचा माहितीपट २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला. त्यात बाहेरून आलेला निवेदक नाही. खोदणारे, वाचणारे, हाडं तपासणारे सगळे इजिप्तचेच आणि बोलतातही तेच, बरंचसं अरबीत. एरवी अशा माहितीपटांत घमेली वाहणारी माणसं मागून मुकाट जाताना दिसतात. इजिप्तमध्ये खोदकामावरच्या मुकादमाला ‘रईस’ म्हणतात. १८९० च्या दशकात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी किफ्त गावच्या लोकांना खोदकामात तयार केलं, तेव्हापासून त्या गावात हे कसब बापाकडून मुलाकडे येत राहिलं. मातीचा रंग बदलला की फावडं कुठे थांबवायचं हे त्यांना हाताला कळतं. अशा माणसांना बोलताना ऐकायला आपल्याला इतकी वर्षं लागली, याचं मला वाईट वाटतं.

त्या माहितीपटात डॉ. अमिरा शाहीन वाहत्ये आणि त्याच्या घरच्यांची हाडं समोर मांडून बघतात तो भाग मी दोनदा पाहिला. हाडांची रचना बघून त्यांना मलेरियाची शंका येते. त्या शंका म्हणूनच बोलतात, निकाल देत नाहीत. प्रेक्षकासमोर त्यांचं विचार करणं चालू असतं आणि कॅमेरा शांतपणे तिथेच थांबतो.

आपल्याकडे मुंबईतही हा अनुभव घेता आला होता. २०१२-१३ च्या हिवाळ्यात ब्रिटिश म्युझियममधली नेस्पेरेनूब या पुरोहिताची ममी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली होती. सुमारे २८०० वर्षांपूर्वीचा हा इजिप्तमधल्या कर्नाकच्या देवळातला माणूस. त्याच्या पट्ट्या कधीच सोडलेल्या नाहीत. सीटी स्कॅनवरून बनवलेला त्रिमितीय चित्रपट प्रदर्शनासोबत होता, त्यात एकेक थर पार करत आपण त्याच्यापर्यंत पोचायचो. आत ताईत जागच्या जागी, डाव्या डोळ्याच्या वर कवटीला एक खड्डा. आणि डोक्याला चिकटलेलं मातीचं एक ओबडधोबड भांडं. ममी करताना राळ ओतली, खाली ओघळणारी राळ धरायला भांडं ठेवलं, ते उचलायचं राहिलं आणि राळ वाळल्यावर चिकटून बसलं, असं अभ्यासकांना वाटतं. कारागिरांनी ते सोडवायचा प्रयत्न केला असेल, मग कुणाला कळू नये म्हणून भांड्यासकट वरून नीट पट्ट्या गुंडाळल्या असतील. नातेवाईकांना कधीच कळलं नसावं.