चाकांनी लावलेला लाल दिवा

चांदरच्या रेल्वे फाटकापाशी उभे राहून मुरगाव बंदरातून कर्नाटकाकडे निघालेल्या कोळशाच्या मालगाडीच्या वाघिणी मोजणे हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे. दर खेपेस शेजारी थांबलेल्या एखाद्या वाहनातून एक तक्रार हमखास ऐकू येते: गाडीचा पत्ता नाही आणि गेटमनने फाटक उगाच लवकर बंद केले.

इंटरलॉक केलेल्या फाटकावर दोन्ही दांडे खाली येऊन त्यांना कुलूप बसल्याशिवाय फाटकाचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. त्याच्या साधारण एक किलोमीटर अलीकडे लोको पायलटला पूर्वसूचना देणारा सिग्नल असतो, आणि तोही त्याला लांबूनच हिरवा दिसावा लागतो, कारण 58 भरलेल्या वाघिणींचे मिळून सुमारे 4,700 टन वजन ब्रेक लावल्याबरोबर थांबत नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने एक किलोमीटर कापायला एक मिनिट लागते. तेव्हा दांडे निदान दीड-दोन मिनिटे आधी खाली येणे भागच आहे.

गाडी आल्याचे सिग्नलला कळते कसे, या प्रश्नाने मात्र मला खरी भुरळ घातली आहे. अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी 1872 मध्ये त्यासाठी ट्रॅक सर्किट सिद्ध केले. सांध्यांत निरोधक घालून रुळांचा एक तुकडा विजेच्या दृष्टीने वेगळा करतात. त्याच्या एका टोकाला दोन्ही रुळांना कमी दाबाची बॅटरी जोडतात आणि दुसऱ्या टोकाला रिले. प्रवाह एका रुळातून जातो, रिलेच्या वेटोळ्यातून फिरतो आणि दुसऱ्या रुळातून परततो. तो वाहतो आहे तोवर रिलेतील विद्युतचुंबक एक लोखंडी पट्टी उचलून धरतो. गाडीची पहिली चाकजोडी त्या तुकड्यात शिरली की तिचा पोलादी आस दोन्ही रुळांना जोडतो, प्रवाहाला जवळची वाट मिळते, रिलेपर्यंत जवळजवळ काहीच पोहोचत नाही, पट्टी स्वतःच्या वजनाने खाली पडते आणि सिग्नल लाल होतो. बॅटरी संपली, तार तुटली किंवा रूळच भंगून दुभागला, तरी हेच घडते. वीज लागते ती मार्ग मोकळा असल्याची ग्वाही द्यायला. धोका सांगायला ती लागत नाही.

गोव्यातल्या मुसळधार पावसात खडी भिजते, प्रवाह तिच्यातून एका रुळाकडून दुसऱ्याकडे गळतो आणि कधीकधी गाडी नसतानाही पट्टी पडते. गाड्या खोळंबतात, पण दोष सुरक्षिततेच्या बाजूचा असतो. गंजाचे तसे नाही. गाड्या क्वचितच जातात तिथे रुळाच्या माथ्यावर गंजाचा थर साचतो, चाक आणि रूळ यांच्यातला विद्युत संपर्क बिघडतो आणि गाडी उभी असूनही पट्टी उचललेलीच राहू शकते. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर आणखी गुंता होतो, कारण 25,000 व्होल्टवर चालणाऱ्या इंजिनाचा परतीचा प्रवाहही रुळांतूनच जातो. म्हणून एक रूळ त्या प्रवाहाला मोकळा ठेवून दुसऱ्याचेच सांधे निरोधक करतात आणि रिले असा निवडतात की इंजिनाच्या प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या, प्रवाहाने तो उचलला जाऊ नये. अनेक ठिकाणी आता रुळालगत बसवलेली यंत्रे आत शिरलेले आणि बाहेर पडलेले आस मोजून हेच काम करतात.

फाटकावर अपघात झाला की ती जागाच वाईट आहे असे म्हणून तिथे नारळ फोडणारे लोक मी पाहिले आहेत. त्या जागेत काहीही नाही. मोठी वस्तू आपल्या डोळ्यांना तिच्या खऱ्या वेगापेक्षा हळू येते आहे असे वाटते. हर्शल लीबोविट्झ यांनी 1985 मध्ये फाटकांवरील अपघातांच्या संदर्भात हे मांडले. दांड्याखालून वाकून जाणारा माणूस याच भासावर जीव टांगतो.

परवा सायंकाळी मी 58 वाघिणी मोजल्या. प्रत्येक वाघिणीला चार, म्हणजे इंजिने आणि गार्डचा डबा सोडून 232 आस त्या तुकड्यावरून गेले, आणि तेवढा वेळ पट्टी पडलेलीच राहिली असणार. गार्डचा डबा पलीकडे गेला, मागचा लाल दिवा वळणाआड दिसेनासा झाला, आणि थोड्याच वेळात केबिनमधल्या गेटमनने दांडे वर घेतले.